सीबर्ग भारतात आणण्यापूर्वी

१९५२ची सीबर्ग एम१००सी, म्हणजे नाणं टाकून गाणं वाजवायची ज्यूकबॉक्स पेटी, अमेरिकेतून पुण्याला आणायची आणि ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावायचा, असं तुम्ही लिहिलंय. निवड उत्तम! ५० तबकड्या उभ्या रांगेत, आणि तबकडी न उलटता दोन्ही बाजू वाजतात. ते यंत्र चालताना बघत बसावंसं वाटतं.

पण ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्टेज उतरवतो, वारंवारता नाही. तिथली मोटर ६० हर्ट्झची, आपली वीज ५०ची, आणि मोटरचा वेग वारंवारतेवरच ठरतो. म्हणजे तबकडीच्या मिनिटाला ४५ फेऱ्यांऐवजी साधारण साडेसदतीस. हार्मोनियमच्या काळी दोनमधलं गाणं थेट पांढरी एकवर उतरेल, लयही रेंगाळेल. त्यामुळे ६० हर्ट्झ देणारा कन्व्हर्टर घ्या, किंवा मोटरच ५० हर्ट्झसाठी बदलून घ्या. हा खर्च आधीच धरा.

आणि पेटी आली की लगेच प्लग लावू नका, कळकळीची विनंती. अँप्लिफायर व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या काचेच्या नळ्यांचा आहे. वीज साठवणारे सत्तर वर्षांचे कपॅसिटर गळके असतात, ते ट्रान्सफॉर्मरही जाळतात. आधी ते बदला. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतदाब उरतो, तो उतरवूनच हात घाला. यंत्रातलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असेल, तेही पूर्ण पुसून नवं भरा. क्रोमची चकाकी सगळ्यात शेवटी.