मोगलाईतला बिजवर, बार्शीची नवरी: प्रेमकथा पटेल का?

मांजराकाठ: माझ्या कादंबरीचा आराखडा असा, पटतो का सांगा. वैशाख १९३५. बार्शीची वीस वर्षांची मुलगी, मराठी शाळा शिकलेली. लातूरजवळच्या देशपांड्यांच्या वाड्यातला चाळिशीचा बिजवर. वऱ्हाड बैलगाड्यांनी बार्शीला येतं. माझं म्हणणं, वयापेक्षा सरहद्द जास्त विजोड आहे. बार्शी इंग्रजी मुलखात, लातूर निजामाच्या, म्हणजे मोगलाईत. नवऱ्याचं सरकारदरबारचं काम उर्दूत, साल फसली (निजामाकडचं महसुली साल, १३४४), रुपया हाली (निजामाचा). हुंडा ठरला ७००. बोलणी लातुरात झाली म्हणून मुलीच्या बापाने हाली धरले आणि ६०० कलदार (इंग्रजी रुपये) आणले, कारण भाव साधारण सात हालीला सहा कलदार. वराकडचे म्हणतात, आम्ही कलदारच बोललो होतो. सीमांतपूजनालाच रुसवा! नवरा गुपचूप हिशेब मिटवतो, तिथून ओढ सुरू.

जुनी सनद: हिशेब झकास, प्रेम नाही पटत. ब्राह्मण घरात काडीमोड नाही, कायद्याने हिंदूंना देशभर घटस्फोट मिळाला तो १९५५ला. जिला जाताच येत नाही तिचं राहणं प्रेम कसं म्हणायचं? शिवाय त्या काळात वीस म्हणजे घोडनवरी. लग्न का रखडलं ते पहिल्याच प्रकरणात यायला हवं. पत्रिकेतला मंगळ घासून गुळगुळीत झालाय. बापाचं कर्ज दाखवा, म्हणजे शंभर रुपयांचा वाद त्याला का झोंबतो तेही कळेल.

करोडगिरी: बैलगाड्या कशाला? बार्शी लाइट रेल्वे १९११ पासून लातूरला जात होती, अडीच फुटी रूळ. बैलगाडी फक्त स्टेशनापासून वाड्यापर्यंत. लातूरला परतताना रुखवतातली नवी भांडी अन् लुगडी सरहद्दीच्या नाक्यावर उघडली जातील, जकातीसाठी. हा प्रसंग सोडू नका.
आणि सनद, काडीमोड नव्हती, पण माहेर होतं. माहेरी गेलेली मुलगी परत न पाठवणं हे बापाच्या हातातलं हत्यार. सासरचं माणूस न्यायला आलं की ती निघते की थांबते, तिथे निवड दाखवता येते.

मांजराकाठ: रेल्वेची चूक कबूल. माहेरपण मी दोनशेव्या पानावर ठेवलंय.

जुनी सनद: फार उशीर. पहिली मंगळागौर माहेरी, म्हणजे लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात ती बार्शीला. तेवढ्या तीन महिन्यांत ओढ लावायची, तीही अशा वाड्यात जिथे नवराबायको दिवसा चारचौघांत एकमेकांशी बोलत नाहीत. माजघरातून निरोप न्यायला कोणी लागेलच. चाळिशीच्या बिजवराला पहिल्या बायकोची मुलं असणार की नाही? आराखड्यात ती कुठेच दिसत नाहीत.