आधी अंताजी वाचा
ऐतिहासिक, रहस्य, कल्पनारम्य, कुमारवयीन अशा सगळ्याच प्रकारच्या मराठी कादंबऱ्या सुचवा म्हणून विचारलंय तुम्ही. पण ऐतिहासिकमध्ये नंदा खरेंची ‘अंताजीची बखर’ कुणीच कशी सुचवली नाही? नवी नाही, नव्वदच्या दशकातली आहे. तरी आपण नागपूरकरांनी वाचायलाच हवी. आपल्या नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्या शाळेत दोन ओळींत उरकल्या होत्या. इथे गोष्ट सांगणारा तिरकस, मिश्कील अंताजी त्या आतून दाखवतो. तिकडे ‘बर्गी’ म्हणून आपल्या मराठा स्वारांची केवढी दहशत होती! नागपुरात भोसल्यांच्या महाल भागातून जाताना आता जरा ओशाळल्यासारखं होतं.

भविष्यातलं हवं तर त्यांचीच ‘उद्या’. साहित्य अकादमीचा २०२० चा पुरस्कार त्यांनी नाकारला, तीच. रहस्याऐवजी गूढ-भय चालत असेल तर हृषीकेश गुप्तेंची ‘दंशकाल’, पण रात्री नको. कुमारांसाठी? माझी भाची अजून फास्टर फेणेवरच अडली आहे बाप्पा!