मूकपटांच्या काळातले भव्य चित्रपट ट्रेलरने खरंच चालवले का?

जुनं_रीळ: हॉलिवूडच्या मूकपटांवर लिहिताना ‘ट्रेलरने गर्दी खेचली’ असं सर्रास ठोकून देतात. मला नाही पटत. १९२५ चा ‘बेन-हर’ घ्या. खर्च सुमारे ३९ लाख डॉलर, रथांच्या शर्यतीला ४२ कॅमेरे. ३० डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये लागला तो रोडशो म्हणून: मोजकी शहरं, राखीव खुर्च्या, चढे दर, समोर वाद्यवृंद. मूळ कादंबरी लोकांनी वाचलेली होती. १८९९ पासून नाटकही गाजत होतं, त्यात तर रंगमंचावर फिरत्या पट्ट्यांवर खरे घोडे पळवायचे! अशा प्रेक्षकाला पेपरातली जाहिरात पुरे. ट्रेलर कशाला?

तिसरी_घंटा: अर्धीच गोष्ट सांगितलीत. रोडशो उरकल्यावर १९२७ मध्ये हाच चित्रपट साध्या दरात गावोगावच्या थिएटरांत गेला. तिथला प्रेक्षक दर आठवड्याचा. पुढे काय लागणार हे त्याला सांगायला पडद्याइतकी चांगली जागा दुसरी कुठली? ट्रेलर पुरवायला १९१९ मध्ये नॅशनल स्क्रीन सर्व्हिस नावाची कंपनी निघाली. थिएटरवाले पदरचे पैसे मोजून ट्रेलर घेत. उगाच?

जुनं_रीळ: धंदा होता, मान्य. पण दाखवायचे काय, तर पाट्या, म्हणजे पडद्यावर नुसता मजकूर. इतके हजार माणसं, इतके लाख खर्च. पेपरातलीच जाहिरात, फक्त पडद्यावर.

पिटातला: पाट्यांना नावं ठेवू नका हो. तो प्रेक्षक अख्खा चित्रपट पाट्या वाचतच बघायचा. आणि आकडा विकतो! फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ची जाहिरात ‘५७ हजार चित्रं, दोन मैल लांबी, तीन आणे’ अशीच केली होती. (तो ट्रेलर नव्हता, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच सांगतो.)

जुनं_रीळ: म्हणजे ट्रेलरशिवाय भागलं. धन्यवाद!

तिसरी_घंटा: फाळक्यांचं भागलं म्हणून अमेरिकेतल्या थिएटरवाल्याचंही भागलं? आणि ‘फक्त पाट्या’ हेही खोटं. दिग्दर्शक लुबिचचा ‘द पेट्रिअट’ पूर्ण मिळत नाही, पण ट्रेलर टिकलाय. त्यात प्रसंग आहेत, नट यानिंग्जने रंगवलेला झार आहे.

जुनं_रीळ: तो १९२८ चा. बोलपट दारात आला होता, याही चित्रपटाला संगीत आणि आवाज जोडलेले होते. १९२० च्या आधीचं एखादं उदाहरण द्या, मग बोलू.