शब्दचर्चा : साधन, आधार, संदर्भ, दाखला, हवाला

विचारणा

मी मराठी विषयात पीएच.डी.चा प्रबंध लिहीत आहे. माझ्या दुसऱ्या प्रकरणावर मार्गदर्शकांनी शेरा मारला आहे : "आधार कोणता आणि संदर्भ कोणता, ते वेगळे दाखवा." आजवर मी हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरत आले. त्यांच्या जोडीला साधन, स्रोत, दाखला आणि हवाला हेही शब्द वाचनात येतात. यांच्या अर्थांत खरोखरच फरक आहे, की लेखक आपापल्या सवयीने ते वापरतात? आणि सायटेशन (लेखनात घेतलेल्या ग्रंथाचा वा कागदाचा पत्ता देणे) या शब्दासाठी मराठीत काय लिहावे? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर

मार्गदर्शकांचा शेरा योग्य आहे. फरक निश्चित आहे. तो हल्ली बुजत चालला आहे आणि त्याचे मोठे कारण म्हणजे आपण सगळ्यांच्या ठिकाणी 'संदर्भ' हा एकच शब्द वापरू लागलो आहोत.

'संदर्भ' हा शब्द सम् आणि दृभ् यांपासून आला आहे. दृभ् म्हणजे गुंफणे, ओवणे. म्हणून संदर्भाचा पहिला अर्थ एखादे वाक्य ज्या मागच्यापुढच्या वाक्यांत ओवलेले आहे ती गुंफण असा होतो. शाळेत आपण सर्वांनी 'संदर्भासह स्पष्टीकरण द्या' हा प्रश्न सोडवला आहे. त्यात पाठाचे आणि लेखकाचे नाव लिहून भागत नसे. हे वाक्य कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी म्हटले, ते सांगावे लागे आणि त्याशिवाय गुण मिळत नसत. सरकारी पत्रात 'विषय' या ओळीखाली 'संदर्भ : आपले पत्र क्रमांक अमुक, दिनांक तमुक' असे लिहितात, तो याच शब्दाचा दुसरा अर्थ, म्हणजे कशाकडे बोट दाखवतो आहोत त्याचा पत्ता. मराठीत हे दोन अर्थ एकाच शब्दात नांदतात आणि मला ही गोष्ट मोलाची वाटते, कारण पत्ता बरोबर दिला पण गुंफण तोडली, तर संदर्भ दिला असे आपली भाषाच म्हणू देत नाही.

याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील चौदावी ओवी प्रचलित प्रतींत अशी आहे : 'माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजां जिंके । ऐसीं अक्षरें रसिकें । मेळवीन ॥'. भाषणांत, फलकांवर आणि दुर्दैवाने काही प्रबंधांतही ही ओवी 'माझ्या मराठीची बोलू कौतुके' अशी येते. हा केवळ एका मात्रेचा किंवा अनुस्वाराचा फरक नाही. मूळ ओवीतील 'बोलु' हे नाम आहे. जुन्या मराठीत अकारान्त पुल्लिंगी नामाच्या प्रथमेला शेवटी उकार येतो, म्हणून 'बोलु' म्हणजे बोल, आणि 'मराठा' हे त्याचे विशेषण. बोल माझा मराठीच आहे खरा, परंतु तो लीलेने अमृताशीही पैज जिंकेल अशी रसाळ अक्षरे मी जुळवीन, असे ज्ञानदेव म्हणतात. फिरत्या पाठात 'बोलू' हे क्रियापद होते, 'कौतुक' हा स्तुतीचा विषय होतो आणि 'चला, मराठीची स्तुती करू या' असा अर्थ उभा राहतो. ज्या ओवीत एका कवीने स्वतःवर जबाबदारी घेतली, तिचे आपण स्वतःच्या भाषेचे गौरववाक्य करून टाकले. खाली 'ज्ञा. ६.१४' असा पत्ता अचूक लिहिलेला असतो, आणि त्या पत्त्यावर जाऊन कोणी पाहिलेले नसते. ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रतींत ओव्यांची संख्या आणि पाठ वेगवेगळे असल्यामुळे अध्याय आणि ओवी यांच्या आकड्यांबरोबर आपण कोणती प्रत वापरली तेही सांगावे लागते, हे ओघाने आलेच.

आता 'आधार'. आधार म्हणजे ज्यावर आपले विधान उभे आहे ते. तो काढून घेतला तर विधान पडले पाहिजे. एखाद्या ग्रंथाचा उल्लेख मी त्याचे मत खोडण्यासाठी करू शकते; तेव्हा त्याचा निर्देश माझ्या लेखनात आहे, पण तो माझा आधार नव्हे. तुमच्या मार्गदर्शकांना बहुधा हेच हवे आहे : कोणती टीप विधान पेलते आहे आणि कोणती केवळ वाचकाला वाट दाखवते आहे, ते वाक्यरचनेतून कळावे. 'अमुक यांच्या आधारे', 'अमुक यांचे मत याहून वेगळे आहे', 'अधिक माहितीसाठी पाहा' हे तीन प्रयोग आपल्याकडे पूर्वीपासून रूढ आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

'साधन' हा शब्द इतिहासलेखकांनी घडवून दिला. वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने मूळ कागद खंडशः छापायला १८९८ मध्ये सुरुवात केली. साधन म्हणजे ज्यातून इतिहास घडवायचा ती कच्ची सामग्री : पत्रे, शकावल्या (घटनांच्या सालवार नोंदी), महजर (तंट्यांचे लेखी निवाडे), ताम्रपट. त्यावर कोणी लिहिलेला ग्रंथ हे दुय्यम साधन. 'स्रोत' हा शब्द चुकीचा नाही, पण साधन हा शब्द असताना त्याची गरज मला वाटत नाही. 'दाखला' हा दाखल होणे, म्हणजे आत येणे, या अर्थाच्या अरबी शब्दाच्या कुळातला. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे दफ्तरातील नोंदीचा उतारा. वादात आपण दाखला देतो तो उदाहरणादाखल, आणि एका दाखल्याने सर्वसाधारण विधान सिद्ध होत नाही. 'सूत्रांच्या हवाल्याने' हा वृत्तपत्री प्रयोग हिंदीच्या वळणाचा आहे. मराठीत हवाला म्हणजे ताबा किंवा भिस्त. आपण दैवावर हवाला ठेवतो. प्रबंधात तो टाळावा.

सायटेशनसाठी मी 'संदर्भनिर्देश' हा शब्द सुचवीन. निर्देश म्हणजे बोट दाखवणे, आणि बोट दाखवणाऱ्याने ती वस्तू पाहिलेली आहे असे वाचक गृहीत धरतो.

पुरवणी

मी मोडी कागदपत्रे वाचतो. वरील उत्तरात दोन शब्दांची भर घालावीशी वाटते.

पहिला 'अस्सल'. याचा विरुद्धार्थी शब्द 'खोटे' हा नसून 'नक्कल' हा आहे. पेशवेकालीन कागदांत नकलेला 'तालीक'ही म्हणत. अस्सल हे कागदाबद्दलचे विधान आहे, आतील मजकुराबद्दलचे नव्हे. अस्सल पत्रात लिहिणाऱ्याने ऐकीव बातमी लिहिलेली असू शकते, आणि उलट एखाद्या उशिराच्या नकलेत खरी हकिकत टिकलेली असू शकते. बनावट कागद हा तिसराच प्रकार. नवे अभ्यासक 'हे अस्सल साधन आहे, म्हणून विधान खरे' अशी उडी मारतात, तेव्हा या तीन कसोट्या एकात मिसळलेल्या असतात. सभासद बखर शिवाजी महाराजांच्या पदरी असलेल्या माणसाने, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिली. मल्हार रामराव चिटणिसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची. दोन्हींना 'बखर' म्हणतात म्हणून दोन्हींचे वजन सारखे होत नाही, आणि सभासदाने काळ पाहिला म्हणून त्याचा प्रत्येक तपशील समकालीन पत्राइतका भरवशाचाही ठरत नाही. राजवाडे बखरींकडे संशयाने पाहत, ते त्यांतील तपशील समकालीन पत्रांशी ताडून पाहिल्यानंतर.

दुसरा 'मजकूर'. आज आपण तो लेखनातील आशय या अर्थाने वापरतो. परंतु मूळ अरबी अर्थ 'उल्लेखिलेला' असा आहे. जुन्या कागदांत 'मौजे मजकूर' म्हणजे वर सांगितलेले गाव, 'साल मजकूर' म्हणजे वर सांगितलेले साल. आजच्या टिपांमधील 'तत्रैव' (म्हणजे आधीच्या टिपेतील ग्रंथातच) हे त्याचेच काम करते आणि त्याला तोच धोका आहे. कागद फाटून वरचा भाग गेला, की 'मौजे मजकूर' कोणते ते कळत नाही. संगणकावर मधे एक नवी टीप घातली, की 'तत्रैव' भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागते. छापण्यापूर्वी प्रत्येक 'तत्रैव' वरच्या टिपेशी ताडून पाहावे.

शंका

दोन्ही उत्तरांबद्दल आभारी आहे. एक अडचण उरते. माझ्या प्रकरणात अनेक मूळ पत्रांचे निर्देश मी एका मान्यवर ग्रंथाच्या टिपांमधून घेतले आहेत. ती पत्रे ज्या खंडांत छापली आहेत, ते खंड आमच्या महाविद्यालयात नाहीत. शिवाय वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या विद्यापीठाच्या सॉफ्टवेअरने माझ्या प्रकरणात इतर लेखनाशी ६ टक्केच साम्य दाखवले आहे. मग या टिपा तशाच ठेवण्यास हरकत आहे का?

उत्तर

हरकत आहे, आणि मी ती आग्रहाने मांडते.

काही वर्षांपूर्वी एका व्याख्यानाच्या तयारीसाठी मी एका घटनेचा आधार शोधत होते. तीन निरनिराळ्या लेखकांच्या ग्रंथांत तिच्यासाठी राजवाड्यांच्या साधनांचा एकच खंड आणि एकच लेखांक (खंडातील पत्राचा क्रमांक) दिलेला होता. तिघांचे एकमत पाहून मला खात्री वाटली, तरीही ग्रंथालयात जाऊन मी तो खंड काढला. त्या लेखांकाचे पत्र होते एका वतनाच्या तंट्याचे. घटनेचा त्यात उल्लेखही नव्हता. पाने उलटता उलटता हवे ते पत्र सापडले, तेव्हा ध्यानात आले की लेखांकातील शेवटचे दोन आकडे उलटे छापले गेले होते. पहिल्या ग्रंथातील ती मुद्रणदोषाची चूक दुसऱ्याने उचलली आणि तिसऱ्याने दुसऱ्याकडून. चूक क्षम्य होती. परंतु ती तशीच उतरल्यामुळे एक गोष्ट उघड झाली की दोघांनी ते पत्र कधी पाहिलेच नव्हते. मी ज्याला तीन साक्षीदार समजत होते, तो एकच होता. ते व्याख्यान मी दिले, पण त्या दिवसापासून न पाहिलेल्या पानाचा पत्ता माझ्या नावाने लिहिण्याचे धैर्य मला होत नाही.

तुम्ही करावे ते सोपे आहे. मूळ पत्र पाहता आले तर पाहावे. नाही आले, तर टिपेत आधी मूळ साधनाचा पत्ता, मग 'यांनी उद्धृत केलेले' आणि त्यापुढे तुम्ही प्रत्यक्ष वाचलेल्या ग्रंथाचे नाव व पृष्ठ द्यावे. 'उद्धृत' म्हणजे वर उचलून घेतलेले. कोणी उचलले ते सांगितलेच पाहिजे. (हा शब्द 'उधृत' असा लिहिलेला वारंवार दिसतो, उद् आणि हृत यांचा संधी ध्यानात ठेवला, तर द आणि ध यांचे जोडाक्षर सुटणार नाही.) अशाने टीप लांबते, थोडी कमी विद्वत्तापूर्ण दिसते, आणि खरी असते.

साम्याच्या टक्केवारीचा या प्रश्नाशी संबंध नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, ४० टक्क्यांपर्यंत असल्यास प्रबंध सुधारून द्यावा लागतो, आणि ६० टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणी रद्द होते. सॉफ्टवेअर शब्दांची जुळणी मोजते. तुम्ही मूळ पत्र पाहिले की नाही, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. इंग्रजी ग्रंथातील परिच्छेद मराठीत उतरवून आपला म्हणून लिहिला, तर तेही बहुधा त्याच्या चाळणीतून निसटते. मराठीत लिहिणाऱ्यांना हा मोह फार जवळचा आहे, म्हणून मुद्दाम सांगते. शब्द तुमचे असले, तरी विचार ज्याचा आहे त्याचा निर्देश भाषांतराने टळत नाही.

आभार

काल रात्री दुसऱ्या प्रकरणातील सर्व टिपा एकेक करून तपासल्या. ५३ टिपांपैकी १९ टिपांतील मूळ पान मी पाहिलेले नाही. चार ठिकाणचे 'तत्रैव' चुकीच्या ग्रंथाकडे जात होते. पुढच्या आठवड्यात पुण्याला जाऊन भारत इतिहास संशोधक मंडळात जेवढे खंड पाहता येतील तेवढे पाहीन. उरलेल्या टिपांत 'यांनी उद्धृत केलेले' असे लिहिण्यास आजच सुरुवात केली आहे. सहाव्या अध्यायातील ती ओवी माझ्याही प्रस्तावनेत होती, फिरत्या पाठातली. ती आता हाताशी असलेल्या प्रतीवरून अक्षरशः उतरवून घेतली आहे.