श्रीलंकेहून आणलेला खाऊ: घरच्या ग्रुपवर

मी: रात्री पोचलो. आई थकली आहे, पण बरी आहे. अनुराधापूरला बोधिवृक्षापाशी बसली तर उठायलाच तयार नव्हती. आता खाऊचे वाटे करते आहे. जमेल त्यांनी रविवारी उमरेडला या.

आत्या वरोरा: बरं झालं वो माय, सुखरूप आल्या. चॉकलेट आनलं का? पोट्टे सकाळपासून विचारून रायले.

मी: चॉकलेट मुद्दामच नाही आणलं, आत्या. विमानतळावर मिळतं ते नागपुरातही मिळतं. तिथले लोक घरी जे खातात तेच आणायचं, हे आईनं आणि मी निघतानाच ठरवलं होतं. पोरांसाठी तलगुली आहे. कोलंबोहून कँडीला जाताना वरकापोळ लागतं, ते गाव तलगुलीसाठीच ओळखलं जातं. तीळ आणि गूळ कुटून केलेले बोटाएवढे गोळे, एकेक कागदात गुंडाळलेला.

आत्या वरोरा: म्हंजे आपले संक्रांतीचे लाडूच न?

मी: चव तीच. पण आपण पाकात वळतो, ते कुटतात, म्हणून मऊ राहतात. आजीला दाताशिवाय खाता येतील.

आत्या वरोरा: मंग आजीचा वाटा पयले काढ.

मामा पवनी: दालचिनी आनली का गा? लंकेची लई नावाजलेली असते म्हंतात.

मी: आणली मामा, पाव किलो. आपल्याकडं किराण्यात मिळते ती बहुतेक कॅसिया असते, जाड साल, एकाच पदराची, फोडायला खलबत्ता लागतो. ही वेगळ्या झाडाची. गॉलच्या पुढं एका घरी आम्ही ती सोलताना पाहिली. आधी फांदीची वरची खरबरीत साल खरवडतात, मग पितळेच्या दांड्यानं घासून आतली साल सैल करतात आणि सुरीनं अख्खी सोडवून घेतात. पातळ पापुद्रे एकात एक भरून लांब नळी करतात आणि सावलीत वाळवतात. सगळ्यात बारीक नळीला अल्बा म्हणतात. बोटांनी दाबली तरी चुरा होतो. सोलणाऱ्या आजोबांचा हात इतका हलका होता की आई बघतच राहिली. कॅसियात कुमारिन नावाचं द्रव्य बरंच जास्त असतं, रोज खूप खाल्लं तर यकृताला बरं नाही. हिच्यात ते अगदी कमी. तुम्ही रोज सकाळी दालचिनीचं पाणी घेता, म्हणून सगळी तुम्हालाच.

मामा पवनी: रोप आनलं असतं तं वाडीत लावलं असतं.

मी: मलाही वाटलं होतं. पण रोप किंवा पेरायचं बी असं बॅगेत घालून आणता येत नाही. त्याला परवाना आणि तिथलं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, 2003 चा वनस्पती संगरोध आदेश आहे. आणि ते बरोबरच आहे, मामा. बाहेरून आलेल्या गाजरगवतानं आपल्या धुऱ्यांची काय गत केली ते तुम्हीच रोज बघता.

मामा पवनी: हाव, हे पटलं.

दादा दुबई: इकडून सांगतो, उलट दिशेनंही सांभाळा. मागे आईनं घरचा सावजी मसाला पाठवायचं म्हटलं होतं, मी नाही म्हटलं. त्यात खसखस असते आणि इथं खसखशीवर बंदी आहे, पकडलं तर तुरुंग. कोणी येणार असेल तर खसखस न घालता मसाला करा. मी दिवाळीला खजूर आणतो.

छोटी: ताई, ती बाटली कसली? फोटोत काळी दिसते.

मी: किथुल नावाच्या झाडाच्या रसाची काकवी. दोन आणल्या होत्या. चेक-इन बॅगेत घातल्या, पण एकीचं झाकण सैल राहिलं आणि आईच्या पांढऱ्या लुगड्यावर सगळी सांडली. आईला फार लागलं, तेच लुगडं नेसून ती अनुराधापूरला गेली होती. दुसरी मी तीन पिशव्यांत बांधली होती, ती नीट आली. म्हशीच्या घट्ट दह्यावर घालून खातात. दुकानातल्या पुष्कळ बाटल्यांत साखर मिसळलेली असते, म्हणून कँडीच्या वरच्या बाजूला एका घरून घेतली. हा झाडाचा फोटो.

काका ब्रह्मपुरी: थांब. पान माशाच्या शेपटीवानी हाये का?

मी: हो काका, अगदी तसंच.

काका ब्रह्मपुरी: हे तं गोरगा होये! मी भामरागडले सात वर्सं मास्तर होतो. माडिया लोकं ह्याच झाडाचा रस काढतात. बस्तरात सल्फी म्हंतात. फुलोऱ्याले काप देऊन खाली मडकं बांधतात. पहाटेचा रस गोड, दुपारून आंबट. माह्या शाळेतल्या पोट्ट्यायच्या घरी पाहुन्याले तोच देत. पन काकवी करताना म्या कधी नाही पाह्यली. आंबत कसा नाही त्यायचा?

मी: रिकाम्या मडक्यात आधी हल नावाच्या झाडाच्या सालीचे तुकडे टाकतात, त्यानं आंबणं लांबतं. रस उतरवला की लगेच गाळून चुलीवर. मधासारखा झाला की काकवी. आणखी आटवून करवंटीत ओतला की गूळ. त्या मावशींनी चव बघायला दिला तेव्हा आई म्हणाली, आपल्या उसाच्या गुळाला असा धुराचा वास नाही.

काका ब्रह्मपुरी: इतक्या दूर जाऊन तू गोरग्याचाच गूळ घेऊन आली. माह्या डोळ्यापुढं ते सगळे घरं आले.

आत्या वरोरा: रविवारी दही मी आनतो. घरच्या म्हशीचं, मडक्यातलं.

काका ब्रह्मपुरी: मले काकवी नको. गूळ असंन तं एक ढेप ठेव, फोडू नको. एक जुना दोस्त हाये तिकडं, अजून झाडावर चढते. त्याले नेऊन दाखवाचा हाये.

मी: दोन आहेत काका. एक तुमच्यासाठी बाजूला ठेवली. करवंटीच्या रेषा अजून उमटलेल्या आहेत तिच्यावर.