मनी खात का नाही?

बी-३०४ काकू: पार्किंगमधल्या मनीला रोज चिकन कोण घालतंय? आता कोरड्या खाण्याला तोंड लावत नाही. वाटीपर्यंत धावत येते, हुंगते, फिसकारते नि मागे फिरते. नुसती लाडावून ठेवलीय.

ए-१०२: मीच 🙈 पण दोनदाच दिलं हो काकू.

बी-५०१: काकू, भूक नसती तर धावत आली असती का? चावताना दुखतंय तिला. आमच्या बोक्याचं सेम. दाणा तोंडात घ्यायचा, मान एका बाजूला वाकडी करायचा की दाणा खाली. आम्ही शहाणे, तीन महिने खाण्याचे ब्रँड बदलत बसलो! शेवटी भूल देऊन एक्स-रे काढला, तर दाढ हिरडीखाली विरघळत चाललेली. कीड नाही, शरीरच स्वतःचा दात झिजवतं. मांजरांत हे बरंच होतं म्हणे.

सी-२०३: पण ओरडत नाही ती.

बी-५०१: मांजर दुखणं लपवतं. अंग बघितलंत का तिचं? चाटणं सोडलंय, पाठीवर केसांच्या गुठळ्या झाल्यात.

सेक्रेटरी: वॉचमन म्हणतोय, आठवडाभर लाळ गळतेय आणि पंजाने गाल घासते. तोंडाला घाण वासही येतो.

सी-२०३: बिचारी 😢 लवंगेचं तेल लावू? की क्रोसिनची पाव गोळी दुधातून?

बी-५०१: नको!!! दोन्ही नको. क्रोसिनमधलं पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, एका गोळीतही जीव जातो. आपलं यकृत ते निभावून नेतं, त्यांचं नाही. आणि तोंड उघडून बघायला जाऊ नका, कडकडून चावेल.

ए-१०२: डॉक्टरांनी दात काढले तर खाणार कशी?

बी-५०१: आमच्याच्या चार दाढा काढल्यात, आता माझ्या ताटावर डोळा असतो. मांजर तसंही फार चावत नाही, गिळतंच. पण उपाशी ठेवायचं नाही, दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर लिव्हरवर येतं. उद्या सकाळी नेते मी. पिंजरा आहे, सोबत कोणीतरी हवं.

ए-१०२: मी येते. आज काय देऊ?

बी-५०१: चिकन उकडून अगदी बारीक कर, त्यातच पाणी घाल. मीठ, कांदा, लसूण काही नको. उद्या भूल द्यावी लागली तर, म्हणून रात्री खाणं कधी थांबवायचं ते डॉक्टरांना फोनवर विचारून सांगते.

बी-३०४ काकू: आमच्याकडे चिकन शिजत नाही, ते तू बघ. रिक्षाचे पैसे माझ्याकडून. आणि जुना टॉवेल देते, पिंजऱ्यात घाला खाली.