सगळ्यांच्या नशिबी बैलगाडी नव्हती

मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची कुटुंबं बैलगाड्यांत संसार भरून अमेरिकेच्या पश्चिमेकडे यूटाला गेली, असं म्हणतात. बहुतेकांच्या बाबतीत खरंच आहे ते. पण १८५६ ते १८६० या काळात सुमारे तीन हजार माणसं हातगाड्या ओढत चालत गेली. इंग्लंड, वेल्स, डेन्मार्ककडची ही गरीब माणसं, बैल घ्यायला पैसे नव्हते. बहुतेक जण अमेरिकेतल्या आयोवा सिटीपर्यंत रेल्वेने, पुढे जवळपास २,१०० किलोमीटर पायी. मोठ्या माणसाला सामान १७ पौंड, म्हणजे आठ किलोसुद्धा नाही, आणि त्यातच अंथरूण-पांघरूण!

गाड्या ओल्या लाकडाच्या. वाळल्या की खिळखिळ्या व्हायच्या, आसात वाळू जायची. वंगण नाही म्हणून लोक खाण्यातली डुकराची चरबी आणि साबण चोळायचे. १८५६ मध्ये उशिरा निघालेल्या, मार्टिन नावाच्या म्होरक्याच्या तांड्याने तर ओझं पेलवेना म्हणून ऑक्टोबरात कपडे-पांघरुणं जाळली. दोनच दिवसांनी नॉर्थ प्लॅट नदी ओलांडली आणि त्याच दिवशी बर्फ सुरू झालं. त्या तांड्यात आणि त्याच्या पुढे असलेल्या, विली नावाच्या म्होरक्याच्या तांड्यात मिळून दोनशेहून जास्त माणसं दगावली. त्या जाळलेल्या पांघरुणांचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.